विजयाचा जादा तास

विजया,

तुझं बारावं झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी कॉलेजात गेले, तेव्हा जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेबाहेर तुझी मुलं उभी होती. पहिल्या घंटेला अजून बराच अवकाश होता. शिपायाने नुकतीच फरशी पुसली होती आणि ती वाळेपर्यंत आत पाऊल टाकायचं नाही, हा तू घालून दिलेला नियम पाळत सगळी भिंतीला टेकून, जर्नल छातीशी धरून उभी होती. गावडे पुढे आली आणि म्हणाली, "बाई, आज तास आहे का?"

तिला सगळं ठाऊक होतं. तू गेलीस त्या दिवशी हीच मुलं तुमच्या सोसायटीच्या जिन्यात ओळीने उभी असलेली मी पाहिली होती. तरी तिने विचारलं ते तासाविषयी. प्रश्न योग्य होता. "विचारून सांगते," असं मी म्हटलं.

हे लिखाण कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी मागितलेलं आहे, त्यामुळे तुला पाठ असलेल्या काही गोष्टी मला इथे मांडाव्या लागतील. त्या ओळींवरून तू नजर पुढे ने. तुझं शिक्षण, सेवेची वर्षं, भूषवलेली पदं हे सारं कार्यालय वेगळ्या चौकटीत देणार आहे. मला इथे एकाच गोष्टीचा निकाल लावायचा आहे. तुझ्या जादा तासाचं काय करायचं?

तो तास म्हणजे काय, ते आधी सांगते. मराठी शाळांतून दहावी झालेली मुलं अकरावी सायन्सला येतात. शाळेत ज्यांना पेशी, ऊती, प्रकाशसंश्लेषण व्यवस्थित येत होतं, त्यांना इथे पहिल्याच आठवड्यात सेल, टिश्यू, फोटोसिंथेसिस यांना तोंड द्यावं लागतं, आणि तेही भरगच्च वर्गात, मागच्या बाकावर बसून. ती प्रश्न विचारत नाहीत. माना हलवतात. सहामाहीला त्यांतली निम्मी गळतात आणि कॉमर्सला जातात. अशा मुलांना तू कॉलेज भरण्याआधी प्रयोगशाळेत बोलवायचीस. वेळापत्रकात त्याची नोंद नव्हती, हजेरी नव्हती. तिथे मुलांना तुला 'बाई' म्हणायची मुभा होती. खालच्या मजल्यावर, नेहमीच्या वर्गात कोणाच्या तोंडून चुकून 'बाई' निघालं की इंग्रजी शाळांतली मुलं फिदीफिदी हसत. तिथे तू 'मॅडम' होतीस आणि मीही.

या तासाला माझा विरोध होता. तो तुझ्या हयातीत मी लपवला नाही आणि आता लपवणं अप्रामाणिकपणाचं होईल.

आपली ओळखच मुळी वादाने झाली. बारावीपर्यंतचं वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र एकत्र करून 'जीवशास्त्र' असा एकच विषय झाला आणि तू वनस्पतींची, मी प्राण्यांची, अशा दोघींना एका टेबलावर बसवण्यात आलं. पहिल्याच सत्रात युग्लीनावरून खटका उडाला. अंकासाठी सांगायचं तर युग्लीना हा डबक्यात राहणारा एकपेशीय जीव आहे. त्याच्यात हरितलवक असतं, म्हणजे तो उजेडात स्वतःचं अन्न स्वतः तयार करतो. त्याला पेशीभित्तिका नसते आणि कशाभिकेच्या, म्हणजे शेपटीसारख्या तंतूच्या, जोरावर तो पोहतो. तू त्याला वनस्पती मानून शिकवलंस. पुढच्याच आठवड्यात मी त्याला प्राणी मानून शिकवलं. सहामाहीच्या पेपरात एका मुलाने लिहिलं, "युग्लीना मंगळवारी वनस्पती व शुक्रवारी प्राणी असतो." मी त्याला शून्य द्यायला निघाले होते. तू पेपर माझ्या हातातून काढून घेतलास आणि टेबलावर डोकं ठेवून हसत सुटलीस.

"पूर्ण मार्क दे गो ह्याला," तू म्हणालीस. "आख्ख्या बोरिवलीत एवढं खरं उत्तर कुणी लिहिलं नसेल."

"विजया, प्रश्न व्याख्येचा आहे."

"आली! व्याख्याबाई आली!"

तेव्हापासून मला तेच नाव पडलं. वर्गीकरण माणसाने आपल्या सोयीसाठी केलेलं असतं, जीव त्याला बांधील नसतात, हे मी तुझ्याआधीही जाणत होते. मात्र सोयीची चौकट आधी नीट पाठ असल्याशिवाय ती अपुरी कुठे पडते हे कळत नाही, असं माझं म्हणणं होतं. अजूनही आहे.

जादा तासाविषयीचा माझा आक्षेप याच मुळातून आला होता. परीक्षा इंग्रजीत आहे, म्हणून मुलांनी लवकरात लवकर इंग्रजीत विचार करायला शिकावं, हा त्यातला वरवरचा भाग. खरा मुद्दा वेगळा होता. 'परासरण' हा शब्द तरी कोणाच्या घरात बोलला जातो? ज्याला ऑस्मॉसिस परका, त्याला परासरणही परकाच. मग मुलाने एका अवघड शब्दाऐवजी दोन का वाहावेत? हे मी तुला विचारलं तेव्हा तुझ्याकडे उत्तर नसेल, असा माझा अंदाज होता.

"मी कुठे परासरण शिकवते?" तू म्हणालीस. "मी कैरी नेते."

खरंच तू कैरी न्यायचीस. कैरीच्या फोडी करून, मीठ लावून पेट्रीडिशमध्ये ठेवायचीस आणि मुलांना म्हणायचीस, बघा. थोड्या वेळाने पाणी सुटायचं. आई लोणचं घालते तेव्हा हे पाणी कुठून येतं? मीठ तर कोरडं होतं. मग बेदाणे पाण्यात टाकून फुगवायचीस. हे पाणी आत कुठून गेलं? असं अर्धा तास चालायचं. पाणी कुठून कुठे गेलं, का गेलं, मधे काय होतं, हे मुलांनीच बोलायचं, आणि शेवटी तू फळ्यावर फक्त एक शब्द लिहायचीस. इंग्रजीत. "याला परीक्षेत हे म्हणायचं. घाबरू नका, तुमच्या लोणच्याचंच नाव आहे."

मी एकदा मागच्या बाकावर बसून हे पाहिलं होतं आणि नंतर तुला सांगितलं होतं की उपमा म्हणजे व्याख्या नव्हे. घरातली वस्तू सोबत घरातले नको असलेले अर्थही घेऊन येते. मुलगा पेपरात लिहिणार की पाणी सुटतं. कोणत्या पटलातून, कोणत्या दिशेने, कोणत्या संहतीकडून कोणत्या संहतीकडे, हे लिहिणार नाही. झालं तसंच. त्या वर्षी पेपर माझ्याकडे होते. तुझ्या तासाच्या मुलांना कल्पना नेमकी कळली होती, हे उत्तरांवरून दिसत होतं, आणि व्याख्या एकालाही धड लिहिता आली नव्हती. मी गुण कापले. तू काही दिवस माझ्याशी बोलली नाहीस. मग एका दुपारी दोन कप चहा घेऊन आलीस, एक माझ्यापुढे ठेवलास आणि म्हणालीस, "तू बरोबर कापलेस. आणि तरी चुकलीस." हा वाद तिथेच उघडा राहिला. त्यावर पुन्हा बोलायचं असं आपलं प्रत्येक सुट्टीत ठरत होतं.

मग तुझी मूत्रपिंडं गेली.

या वाक्यात मी 'वृक्क' हा पाठ्यपुस्तकातला शब्द वापरला नाही, याची नोंद घे. तुझ्यासमोर वापरला असता तर तू म्हणाली असतीस, "वृक्क वृक्क काय करतेस, बदकासारखी!"

आठवड्यातून दोनदा तुला इस्पितळात जावं लागे. डाव्या मनगटावर शस्त्रक्रियेने एक धमनी आणि एक शीर जोडली होती. तू माझं बोट धरून तिथे ठेवायचीस. आतून सतत घुं घुं असा कंप यायचा, मांजर पोटाशी घेतल्यावर येतो तसा. (ही उपमा तुझी.) जेवणातून फळं गेली, डाळी गेल्या, शहाळं तर पूर्ण वर्ज्य. पोटॅशियम वाढलं की हृदयाचे ठोके चुकतात. "मालवणी माणसाला नारळ बंद!" तू डॉक्टरांना म्हणाली होतीस. "त्यापेक्षा सरळ फाशी द्या ना." डॉक्टर तरुण होते. तुझं हे बोलणं चेष्टेचं की खरं, ते त्यांना कळेना.

एकदा तुझा भाऊ सुरेश आणि मी तुझ्या खाटेशी बसलो होतो. यंत्र चालू होतं. सुरेशने विचारलं, "वसुधाताई, हे मशीन नक्की करतं काय?" माझ्या विषयाचा प्रश्न होता, मी लगेच सुरुवात केली. रक्त एका पातळ पटलाच्या एका अंगाने वाहतं, पलीकडच्या अंगाने द्राव वाहतो, आणि रक्तातला युरिया परासरणाने पलीकडे जातो.

तुझे डोळे मिटलेले होते. तुला झोप लागली असावी, असा माझा समज होता.

"विसरण," तू म्हणालीस.

"काय?"

"विसरण गो, परासरण नाय. परासरणात पाणी जातं. युरिया जातो ते विसरण. अर्धा मार्क कापला तुझा."

शेजारची नर्स हसली. तू बरोबर होतीस. हा फरक मी दरवर्षी फळ्यावर दोन रकाने आखून शिकवते. ती चूक अकरावीतल्या पहिल्या महिन्यातल्या मुलाची चूक होती. तू एक डोळा उघडलास.

"घाबरलीस ना? माणूस घाबरला की असंच होतं. माझी पोरं रोज घाबरतात, वसू."

"घाबरलेल्याला सुद्धा व्याख्या यायला हवी," मी म्हटलं. एवढंच सुचलं.

"झोपू दे मला, व्याख्याबाई."

त्याच सत्रात मला उत्सर्जनाचा धडा शिकवायचा होता. मी फळ्यावर नेहमीप्रमाणे मूत्रपिंडाचा उभा छेद काढला, बाजूला एका नेफ्रॉनची मोठी आकृती काढली, नावं डावीकडे न देता सगळी उजवीकडे दिली. मुलांनी आकृती उतरवून घेतली. तास संपल्यावर मी खडूची पूड झटकली आणि तुला पाहायला इस्पितळात आले. तू विचारलंस, आज काय घेतलंस? मी म्हटलं, प्रजनन. हे मी का म्हटलं याचं कारण मी शोधलेलं नाही.

तू गेलीस ती दोन डायलिसिसच्या मधल्या दिवशी, घरीच, दुपारी, बसल्या जागी. सुरेशचा फोन कॉलेजच्या कार्यालयात आला. मला बोलावून घेतलं गेलं. मी "बरं" म्हटलं, रिसीव्हर ठेवला आणि वर जाऊन सूक्ष्मदर्शकांवर कापडं घातली, कारण धूळ बसते. नंतर तुमच्याकडे आले.

तिथे मी काय केलं ते वाचकांनी वाचलं तरी चालेल, मात्र तू वाचायला हवंस. तुझ्या मनगटावर मी बोट ठेवलं. कंप नव्हता. तो नसणार हे मला ठाऊक होतं. कोणी विचारलं असतं, तर कारणही सांगता आलं असतं. तरीही बोट तिथेच राहिलं. तुझ्या गळ्यात झेंडूचा हार होता. तोंडी परीक्षेत तू प्रत्येक मुलापुढे एक झेंडू ठेवायचीस आणि म्हणायचीस, "यातलं एक फूल दाखव." मुलगा गोंधळून अख्खा झेंडू उचलायचा. मग तू सांगायचीस की हे एक फूल नव्हे, हा फुलांचा समूह आहे, स्तबक. यातली पाकळी वाटणारी प्रत्येक गोष्ट म्हणजे एक स्वतंत्र फूल आहे. सगळे रडत होते. मी हारातला एक झेंडू काढला, उभा चिरला आणि त्यातलं एक फूल नखाने वेगळं करून तळहातावर घेतलं. खालची पिवळी नळी, आत परागकोश, मधून वर आलेली दुभंगलेली कुक्षी. सगळे भाग जागच्या जागी होते. मान वर केली तर तुझी वहिनी माझ्याकडे बघत होती. मी ते फूल कुठे ठेवावं, हे मला कळेना. शेवटी मूठ मिटून घेतली.

विजया, मला रडू आलं नाही. अद्यापही आलेलं नाही. मज्जातंतूतून एक आवेग गेला की लगेच काही काळ तो तंतू दुसऱ्या उद्दीपनाला प्रतिसाद देत नाही, मग ते कितीही तीव्र असो, असं मी शिकवते. मला तसं काही झालं असावं, असं एक-दोघी मैत्रिणींना सांगून पाहिलं. त्यांना ते पटलं. मला पटलं नाही. तो काळ सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजतात. मी पुन्हा उपमेलाच व्याख्या म्हणत होते.

आता तासाकडे वळते. गावडेला कबूल केल्याप्रमाणे मी विभागप्रमुखांकडे गेले. सर म्हणाले, "तो तास वेळापत्रकात कधी नव्हताच. मग बंद करायचा कसा आणि चालू ठेवायचा कसा? तुम्हीच बघा." त्यांचं म्हणणं तर्काला धरून होतं. म्हणजे निर्णय माझ्यावर आला, आणि या तासाच्या विरोधात असलेली कॉलेजातली एकमेव व्यक्ती मीच होते.

एक गोष्ट इथे लिहितेच. शेवटच्या दोन महिन्यांत तू माझ्याशी कशाकशावर बोललीस! गावडे आकृती छान काढते पण घाईने काढते, पवारला चष्मा लागलाय आणि तो सांगत नाही, त्याच्या बापाची गिरणी बंद झाली आणि आता तो अंधेरीला एमआयडीसीत वॉचमन आहे, प्रयोगशाळेतला स्लाइडवर घालायचा सॅफ्रानिनचा रंग संपत आलाय. मला एकदाही म्हणाली नाहीस की तास तू घे. मी वाट पाहत होते. माझं उत्तर मुद्देसूद तयार होतं. आधी नकार, मग त्याची कारणं, मग कोणत्या अटींवर विचार करता येईल ते. तू विचारलंच नाहीस. ते उत्तर अजून माझ्याकडे तसंच पडून आहे आणि त्याचा आता काही उपयोग नाही. मी नाही म्हणेन म्हणून विचारलं नाहीस, की विचारायची गरजच वाटली नाही? मला खरंच कळत नाही.

मुलं येत राहिली. मी बंदी घातली नव्हती आणि परवानगीही दिली नव्हती. शिपाई दार उघडायचा, फरशी वाळली की ती आत जाऊन बसायची आणि एकमेकांना शिकवायची. मी शेजारच्या खोलीत जर्नलं तपासत असे. मधली भिंत पातळ आहे, तुला ठाऊकच आहे. एका सकाळी पवारचा आवाज आला.

"डिफ्यूजन आणि ऑस्मॉसिस एकच रे. एकाला दोन नावं, बस. पाणी सुटतं तेच."

"एकच कसं असेल? मग दोन मार्कांचा फरक कशाला विचारतात?" दुसरा म्हणाला.

"आपल्याला फसवायला, यार!"

"पवार, वाट लावशील सगळ्यांची," ही गावडे.

मी उठले. हे स्पष्ट लिहिते, म्हणजे गैरसमज होऊ नये. मी त्या खोलीत गेले ती एक चूक दुरुस्त करायला, तास घ्यायला नव्हे. चूक कानावर पडल्यावर ती तशीच राहू देणं मला जमत नाही.

"गप रे, मॅडम आल्या," कोणीतरी कुजबुजलं. सगळी उभी राहिली.

मी फळ्यावर दोन रकाने आखले. विसरण, परासरण. फरक सांगितला, लिहून दिला, एकेकाकडून म्हणवून घेतला. पवारला दोनदा म्हणायला लावलं, त्यानंतर त्याने डोळे बारीक करून फळ्याकडे पाहिलं तेव्हा त्याला पहिल्या बाकावर यायला सांगितलं. काम संपलं होतं. मी डस्टर उचललं.

"बाई," गावडे म्हणाली. "एक विचारू? विजयाबाईंना नक्की काय झालं होतं? कुणी नीट सांगतच नाही. किडनी गेली म्हणतात. जाते म्हणजे कुठे जाते?"

कोणी हसलं नाही. सगळे माझ्याकडे पाहत होते आणि त्यांना खरंच माहीत नव्हतं. तुझी इतकी लाडकी मुलं, आणि तुला काय झालं ते त्यांना सांगावं असं आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. आपण शिक्षक आहोत, विजया.

मी आकृती काढली. एका मूत्रपिंडात सुमारे दहा लाख नेफ्रॉन असतात, प्रत्येक नेफ्रॉन म्हणजे एक स्वतंत्र गाळणी, हे सांगितलं. सांगताना माझ्या लक्षात आलं की मी मराठीत बोलते आहे आणि पुस्तकातल्या मराठीत नव्हे. गाळणी म्हटलं, केशिकांच्या गुंतवळ्याला सुताचा गुंडाच म्हटलं. नेफ्रॉन एकेक करून निकामी होत जातात, कधी वर्षानुवर्षं, असं सांगितलं.

"मग त्यांना आधीच कळलं कसं नाही, बाई? एवढ्या हुशार होत्या त्या," पवार म्हणाला.

"कारण सुरुवातीला काही जाणवतच नाही. जे नेफ्रॉन गेले, त्यांचं काम उरलेले उचलतात. ते आकाराने मोठे होतात, आधीपेक्षा कितीतरी जास्त रक्त गाळतात. बाहेरून माणूस अगदी ठणठणीत दिसतो. बरेचसे गेल्यावरच लक्षणं दिसू लागतात."

गावडे लिहीत होती. लिहिता लिहिता ती थांबली.

"त्यांना कोण सांगतं, बाई?"

"कोणाला?"

"उरलेल्यांना. की आता हेही काम तुम्ही करायचं म्हणून."

मी हातातला खडू फळ्याच्या खालच्या कडेवर ठेवला. या प्रश्नाचं शास्त्रीय उत्तर आहे. रक्ताचा दाब, केशिकांतला प्रवाह, काही संप्रेरकं. बारावीच्या पुढचा भाग आहे आणि मला तो येतो.

"कोणी सांगत नाही," मी म्हटलं.

तिने ते लिहून घेतलं. मग मी उत्सर्जनाची व्याख्या सांगितली, सावकाश, स्वल्पविरामासकट, आधी इंग्रजीत आणि मागोमाग मराठीत. घंटा झाली. दाराशी पवारने विचारलं, उद्या कोणता धडा. मी म्हटलं, रक्ताभिसरण, आणि वेळेवर या.

विजया, त्या दिवशी मी आकृती आधी काढली आणि व्याख्या नंतर दिली. एवढंच घडलं. त्यावरून आपल्या वादाविषयी तू काही ठरवू नयेस. एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढत नाहीत, हे तुला मी सांगायला नको.

तुझी,
वसुधा